जुन्या गोव्यातील गाइड मंडळींना खुले पत्र: लिलावाच्या रस्त्यावरील स्त्रियांविषयी

जुने गोवे येथे पर्यटकांना वास्तू दाखवणाऱ्या सर्व गाइड बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी महाराष्ट्रातील एका शाळेत इतिहास शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या सहलींबरोबर गोव्याला येते. पोर्तुगीज राजवटीविषयी आमच्या मुलांच्या, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या पालकांच्याही मनात जे काही चित्र तयार होते, ते पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदांपेक्षा तुम्ही त्या उन्हात उभे राहून सांगितलेल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या माहितीतून अधिक तयार होते. म्हणूनच ही विनंती एखाद्या मंत्रालयाला किंवा अभ्यास मंडळाला न करता तुम्हाला करत आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गोव्याच्या भर रस्त्यात ज्या स्त्रिया गुलाम म्हणून विकल्या गेल्या, ज्यांनी या शहराचे पाणी वाहिले, ज्यांनी इथली घरे आणि मठ चालवले, त्यांची हकीकत तुमच्या फेरीत यावी. ती ओझरत्या उल्लेखापुरती येऊ नये, आणि गंमत म्हणून तर मुळीच येऊ नये.

जागा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. दिवाडीच्या फेरीबोटीकडून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना त्याने ती आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली, हे तुम्ही सांगताच. त्या कमानीपासून मिझेरिकॉर्दियाच्या चर्चच्या दिशेने शहराचा मुख्य रस्ता जात असे, तो रुआ दिरेता, म्हणजे सरळ रस्ता. सोनार, सराफ आणि परदेशी मालाचे व्यापारी यांची दुकाने याच रस्त्यावर होती, आणि रविवार व सणाचे दिवस सोडले तर दररोज सकाळी सात ते नऊ या वेळात लिलावही इथेच होत असे. १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून राहिलेला डच तरुण लिन्शोटेन याने हे सर्व बारकाईने लिहून ठेवले आहे. अरबी घोडे, मसाले, गालिचे, मेलेल्या माणसाच्या घरातले सामानसुमान आणि त्यांच्याच जोडीने पुरुष, स्त्रिया व मुले एकाच बोलीत, एकाच गर्दीत विकली जात असत. त्याच्या ग्रंथात या लिलावाचे एक मोठे चित्रही आहे. छत्रीखाली घोड्यावरून चाललेले साहेब, सावकार आणि चाकर असे सारे शहर त्यात दिसते. पुढे १६०८ मध्ये कैदी म्हणून गोव्यात आणला गेलेला फ्रेंच खलाशी पिरार यानेही हाच बाजार पाहिला. त्याने लिहिले आहे की, दलाल मुलींचे गुण मोठ्याने सांगत असत: ही शिवणकाम जाणते, हिला वाद्य वाजवता येते, ही मुरांबे आणि मिठाई करते. मुलगी कुमारी आहे की नाही यावरही किमतीचा फरक पडे.

या शेवटच्या वाक्यापाशी थांबून मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे. हा तपशील सांगताना पर्यटकांच्या घोळक्यात हशा पिकू शकतो, आणि तो पिकलेला मी ऐकला आहे. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, हेही मला मान्य आहे. पण माझ्याबरोबर उभ्या असलेल्या आठवीतल्या मुली त्या वेळी कुठे पाहात होत्या, हे मी पाहिले. तपशील लपवावा असे मी म्हणत नाही. तो ज्या मुलीविषयी आहे तिच्या बाजूने सांगावा, एवढेच माझे म्हणणे आहे. गर्दीत उभी केलेली, भाषा न कळणारी, चार परक्या पुरुषांसमोर जिच्या शरीराची चौकशी चालली आहे अशी ती मुलगी बारा-चौदा वर्षांची असू शकेल. ही गोष्ट तिच्या बाजूने सांगितली, तर कोणीही हसत नाही.

या स्त्रियांची कहाणी बाजारापाशी सुरू होत नाही, शहराच्या पोर्तुगीज पर्वाच्या पहिल्याच आठवड्यांत सुरू होते. नोव्हेंबर १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवे पुन्हा जिंकले, तेव्हा मुसलमान वस्तीची कत्तल झाली आणि ज्या स्त्रिया वाचल्या त्या बंदिवान झाल्या. त्यांतील अनेकींचा बाप्तिस्मा करून अल्बुकर्कने त्यांची लग्ने आपल्या सैनिकांशी लावून दिली. या लग्नांतून इथे कायमची वस्ती करणारा एक वर्ग निर्माण व्हावा, असे त्याचे धोरण होते, आणि राजाला लिहिलेल्या पत्रांत त्याने ते अभिमानाने मांडले आहे. संस्कृतींचा संगम म्हणून आपण ज्या कुटुंबांकडे पाहतो, त्यांच्या आद्य घरांपैकी कित्येक घरांत नवरी अशी आली होती. तिचा नवरा, बाप किंवा भाऊ त्याच महिन्यात मारला गेलेला असण्याचा संभव होता. तिची संमती कोणी विचारली असेल, असे मानायला काहीही आधार नाही.

पुढे या व्यवहाराला नियमांची चौकट मिळाली. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेने माणसाला गुलाम करणे कोणत्या परिस्थितीत न्याय्य ठरते याची यादी केली. न्याय्य युद्धात पकडलेला, अत्यंत विपन्नावस्थेत आईबापांनी विकलेला, अशी कारणे तिच्यात होती. आणि त्या यादीत एक कारण असे होते ज्याचा सगळा भार स्त्रीवर पडत होता, ते म्हणजे गुलाम आईच्या पोटी जन्म. बाप कोण हा प्रश्नच नव्हता. बाप घरचा धनी असला तरी मूल कोणत्या वर्गात मोडते हे आईच्या बंधनावरून ठरे. एखाद्या धन्याने मृत्युपत्रात अशा मुलाला किंवा त्याच्या आईला मोकळे केले, तर ते त्याच्या मर्जीचे दान असे. म्हणजे त्या घरात गुलाम बाईचे बाळंतपण हा धन्याच्या मालमत्तेत भर घालणारा प्रसंग होता, आणि हे त्या बाईला ठाऊक होते.

आता त्यांच्या रोजच्या कामांविषयी. फेरीत सांगण्यासारखे सर्वांत जास्त इथेच आहे आणि सर्वांत कमी सांगितले जाते तेही इथेच. लिन्शोटेन सांगतो की पोर्तुगीज आणि मिश्र रक्ताच्या घरांत पाच-दहा गुलाम सहज असत, आणि संपन्न घरांत वीस-तीससुद्धा. घरची बाई चर्चला निघाली की पालखीबरोबर दासींचा ताफा निघे. कोणाच्या हातात गालिचा, कोणाच्या हातात उशी, कोणाकडे पंखा. शहराजवळच्या बांगेनी नावाच्या झऱ्याचे पाणी गोड म्हणून प्रसिद्ध होते, ते घागरींत भरून गल्लोगल्ली विकायचे काम गुलामांचे, आणि विक्रीचे पैसे मालकाचे. ही गोष्ट मुलांना सांगून पाहा. जेवढ्या भव्य वास्तू ती बघत असतात, तेवढ्या वास्तूंच्या शहराला रोज पिण्याचे पाणी लागत होते, आणि ते कोणाच्या तरी कमरेवरून येत होते. हा हिशेब मुलांना लगेच कळतो.

घराबाहेर विकायला पाठवलेल्या स्त्रियांविषयी लिन्शोटेनने जे लिहिले आहे, ते मी तुमच्यासमोर जरा विस्ताराने ठेवते. धनिणी आपल्या दासींकडून इथल्या फळांचे पाक आणि मुरांबे करवून घेत, बारीक कशिदा आणि जाळीचे काम करवून घेत, आणि मग त्यांतल्या सर्वांत तरुण व देखण्या मुलींना चांगले कपडे घालून, नटवून तो माल विकायला रस्त्यावर पाठवत. घेणारे पुरुष मुरांब्यासाठी थांबत नसत, हे तो स्पष्टच सांगतो. आणि पुढे तो म्हणतो की या मुली कधी नकार देत नसत, त्या कमाईवर त्यांचा निर्वाह चाले आणि मालकांचाही फायदा होई.

‘नकार देत नसत’ हे शब्द लिहिणारा तरुण निष्ठुर होता असे मला वाटत नाही. त्याने जे पाहिले ते त्याच्या डोळ्यांनी पाहिले, एवढेच. संध्याकाळी ठरलेली रक्कम घरी न्यायची आहे, ती कमी पडली तर मार आहे, पळून जायचे तर ज्या गावाची वाट धरायची ते गाव समुद्रापलीकडे मोझांबिकमध्ये किंवा बंगालमध्ये आहे, अशा मुलीपाशी नकाराची सोय कोणती होती? ज्या धनिणीने तिला नटवून पाठवले, तिला हा सगळा हिशेब आधीच माहीत होता. गोव्यातील गुलामगिरीत घरच्या बायकांचा वाटा केवळ पाहात बसण्याचा नव्हता, हेही या उताऱ्यातून दिसते. लिन्शोटेनचा हा मजकूर तुम्ही फेरीत वापरणार असाल तर, माझी कळकळीची विनंती आहे, त्याच्या जोडीने हा प्रश्नही विचारा. पर्यटक विचार करू लागतात. मी वर्गात करून पाहिले आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते, आणि ते मराठी माणसांकडूनही मिळते. अमेरिकेतल्या ऊस-कापसाच्या मळ्यांसारखी गुलामगिरी आपल्याकडे नव्हती, इथे गुलाम घरातल्या माणसांसारखेच राहात, असे म्हटले जाते. इथे मळे नव्हते, हे खरे. पण घरात राहणे म्हणजे काय, हे त्या घरातल्या दासीच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. मळ्यावरच्या माणसाला रात्री निदान स्वतःची झोपडी असे. घरात राहणारी दासी धन्याच्या दारापाशी, धनिणीच्या पायापाशी, मुलांच्या पाळण्यापाशी झोपे. हाक आली की उठे. आणि कोणत्या रात्री कोणाची हाक येईल यावर तिचा काहीही ताबा नसे. क्विलोनहून, म्हणजे केरळातल्या कोल्लमहून, १५५० मध्ये जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा संस्थापक लोयोला याला पत्र लिहिणाऱ्या लान्सिलोत्ती या जेझुइट पाद्र्याने हेच कळवळून कळवले होते. इथले गृहस्थ चार, आठ, दहा दासी विकत घेतात आणि सर्वांशी संबंध ठेवतात, आणि मलाक्कात एकाच्या घरी अशा चोवीस स्त्रिया होत्या, असे त्याने लिहिले आहे. म्हणजे त्याच काळातल्या, त्याच धर्माच्या माणसाला ही गोष्ट लाजिरवाणी वाटत होती. ‘त्या काळात हे सगळ्यांना चालत होते’ हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

इथे चर्चविषयी एक शब्द. हा विषय काढला की आजच्या ख्रिस्ती गोवेकरांच्या भावना दुखावतील, अशी काळजी तुमच्यापैकी काहींना वाटत असेल, आणि ती मी समजू शकते. पण आजचे गोवेकर धन्यांचे वंशज आहेत तसेच दासींचेही आहेत, आणि बहुतेक जण तर यांपैकी कोणाचेही नसून इथल्या गावांतल्या शेतकऱ्यांचे वंशज आहेत. या स्त्रियांना त्यांच्या घरच्यांनी आणि गावच्यांनी दिलेली नावे पुसली जाऊन मारिया, कातारिना, इझाबेल अशी नावे मिळाली. याच नावांनी त्यांचे बाप्तिस्मे झाले, आणि याच चर्चमध्ये त्या धनिणीची उशी घेऊन मागच्या बाजूला बसल्या. त्यांची आठवण काढणे हा त्या चर्चचा अवमान कसा होईल?

सांता मोनिकाच्या मठाचे उदाहरण घ्या. १६०६ मध्ये आर्चबिशप मेनेझिस याने त्याची स्थापना केली, आणि आज त्याच्याच चर्चमध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. बेबिंका ही थरांची गोवेकरी मिठाई या मठातल्या बिबियोना नावाच्या जोगिणीने पहिल्यांदा केली, सात थरांची केली, ही दंतकथा पर्यटकांना फार आवडते. त्या दंतकथेला कागदाचा आधार नाही. पण त्या मठात उच्चकुलीन जोगिणींच्या सेवेला दासी आणि गुलाम स्त्रिया होत्या, याला मात्र आहे. बेबिंका कशी होते, हे तुम्हाला सांगायला नको: नारळ खवायचे, रस पिळायचा, अंड्यांचे बलक फेटायचे, आणि एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर लक्ष ठेवत भाजायचा. अख्खा दिवस जातो. मठाच्या स्वयंपाकघरात हे काम कोणाचे हात करत असतील याचा अंदाज करायला फार विद्वत्ता लागत नाही. तुम्ही दंतकथा जरूर सांगा. तिच्या पाठोपाठ या हातांचाही उल्लेख करा.

या स्त्रिया कुठून येत, हे नकाशा काढून दाखवता येईल. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून, बंगालमधून, मलाक्का आणि त्यापलीकडच्या बेटांवरून, चीनमधून आणि जपानमधूनसुद्धा. जपानी माणसांना गुलाम करू नये असा हुकूम राजा सेबास्त्यांव याने १५७० मध्ये काढला, तरी व्यापार लगेच थांबला नाही. आणि जहाजे इथून पुढेही जात. मिर्रा नावाची हिंदुस्थानी मुलगी लहानपणी किनाऱ्यावरून पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलाला ती विकली गेली आणि तिथून पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात पोहोचली. तिथे कातारिना दे सान हुआन या नावाने तिने गुलामी केली, धन्याच्या मृत्यूनंतर सुटका मिळवली, आणि पुढे संतिणीसारखी लोकांत पूज्य होऊन १६८८ मध्ये ती वारली. तिच्या पाद्र्याने, आलोन्सो रामोसने, १६८९ ते १६९२ या काळात तिचे तीन खंडांचे चरित्र छापले, आणि इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यावर बंदी घातली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून नेलेल्या असंख्य मुलींपैकी हिचे आयुष्य एवढ्या विस्ताराने लिहिले गेले, तेही एका पुरुषाच्या हातून आणि संतचरित्राच्या साच्यात बसवून. बाकीच्यांच्या वाट्याला फार तर बाप्तिस्म्याच्या वहीतली किंवा मृत्युपत्रातली एखादी ओळ आली. मिर्राची गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुली नेहमी विचारतात की तिला घरची भाषा शेवटपर्यंत आठवत होती का.

गोव्याजवळही या इतिहासाचे जिवंत वारस आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांत सिद्दी लोकांची गावे आहेत. गोव्यात आणलेल्या, आणि तिथून निसटून घाटावरच्या रानात गेलेल्या आफ्रिकी स्त्रीपुरुषांचे ते बऱ्याच अंशी वंशज आहेत, असे अभ्यासक मानतात. ते आपसांत आजही कोकणीच बोलतात. त्यांच्यातले काही हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती आहेत. ‘गुलाम’ म्हटले की शतकांपूर्वी विरून गेलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. तुमच्या फेरीत सिद्दींचा उल्लेख आला, तर ही माणसे पळाली, टिकली आणि त्यांनी गावे वसवली, हेही ऐकणाऱ्याला कळेल.

आता माझ्याच लोकांविषयी, कारण तुमच्या घोळक्यांत मराठी पर्यटक पुष्कळ असतात. हा विषय निघाला की आमच्यातला कोणीतरी ‘पोर्तुगीज होतेच तसे’ असे म्हणून मोकळा होतो. त्याला तुम्ही आदराने दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली अभिमानाची आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात स्पष्ट बजावले होते की पूर्वीच्या राजवटीत तुम्ही इथून स्त्रीपुरुष गुलाम म्हणून विकत घेऊन नेत होता, पण हा मुलूख माझ्या ताब्यात आहे तोवर तसे करू दिले जाणार नाही. दुसरी गोष्ट ऐकायला जड आहे. पेशवाईत पुण्यात कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया, सरकारच्या मालकीच्या असत, कोठ्यांत आणि पागांत राबत, विकल्या जात आणि बक्षीस दिल्या जात. आणि बदकर्माचा ठपका आलेल्या स्त्रीला शिक्षा म्हणून गुलाम केले जाई. पेशव्यांच्या दप्तरात याच्या नोंदी आहेत. मराठी माणसाने रुआ दिरेतावर उभे राहून फक्त पोर्तुगिजांकडे बोट दाखवावे, एवढा आपला इतिहास स्वच्छ नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा आपल्या इतिहासावरचा विश्वास कमी झालेला मला दिसलेला नाही.

शेवट कधी झाला, हेही लोक विचारतात. इंग्रजी मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढली गेली. पोर्तुगालने १८३६ मध्ये गुलामांच्या व्यापाराला बंदी केली, पण वसाहतींतून गुलामगिरी रद्द करणारा हुकूम यायला १८६९ साल उजाडले, आणि त्यानंतरही सुटलेल्यांना पुढची काही वर्षे जुन्या धन्याकडेच राबायचे होते.

मागणे फार नाही. कमानीतून वर आल्यावर, कॅथेड्रलकडे वळण्यापूर्वी दहा मिनिटे थांबा. इथे सकाळी सात ते नऊ काय होत असे, ते सांगा. पाणी, मुरांबे, कशिदा, पालखी यांपैकी एका कामाचे तरी तपशीलवार वर्णन करा, कारण माणूस कामातून डोळ्यांसमोर उभा राहतो. लहान मुले असतील तर बाजारातील चौकशीचा भाग गाळा, पण ही मुले त्यांच्याच वयाची होती हे गाळू नका. लिन्शोटेन आणि पिरार यांची नावे सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला ही ऐकीव गोष्ट वाटणार नाही. वेळ कमी असेल, तर शवपेटी, मनोरे आणि घंटा यांतले काहीतरी थोडे आवरते घ्या. त्यांच्याविषयी माहितीपुस्तिकांत भरपूर छापलेले असते. आणि तुमच्यापैकी जे नव्या गाइडांना तयार करतात, त्यांनी हा भाग पहिल्याच फेरीत शिकवावा, म्हणजे तो ऐच्छिक राहणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात मुलांना घेऊन मी पुन्हा येणार आहे. तुमच्यापैकी कोणी हे सांगायचे ठरवले, तर आधी बसून मजकूर एकत्र पाहायला मला आवडेल. माझ्याजवळची टिपणे मी आनंदाने देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका